पालखीचा मागचा खांदा

सयाजी उतेकरांना पोलादपुरात सगळे फौजी म्हणतात. पळसकोंडात, म्हणजे त्यांच्या गावात, नव्या पिढीला त्यांचं खरं नाव ठाऊकही नसेल. माझं सासर पळसकोंडचंच, आणि पोलादपुरात आमचं दार त्यांच्या दारासमोर. त्यामुळे त्या घरातलं थोडंफार कळत आलं. मी त्यांना भावोजी म्हणते, पण इथे सयाजीराव असंच लिहिते.

गाव आंबेनळी घाटाच्या खाली आहे. भाताची थोडी खाचरं, वर डोंगरउतारावर नाचणीची वरकस जमीन, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला. सयाजीराव मुंबईला न जाता भरतीला गेले. पायदळात होते. बर्फात राहिले, वाळवंटात राहिले आणि हवालदार होऊन परत आले. लढाईच्या गोष्टी त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "थंडी फार होती." नंतर महाडला एका कारखान्याच्या गेटवर काही वर्षं काढली, पोलादपुरात एसटी स्टँडमागे दोन खोल्या बांधल्या. मुलगा विनीत पनवेलला नोकरीला. घरात सयाजीराव आणि चंद्रभागावहिनी, नवरा-बायको दोघंच. पहाटे उठून अंथरुणाच्या घड्या ते अशा घालायचे की वहिनींना पुन्हा हात लावायची सोय नसायची. वहिनी म्हणायच्या, "सरकारनं नवरा परत दिलान, पण घडी घालून."

आजार कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. सव्वीस जानेवारीला तहसील कचेरीसमोर माजी सैनिक रांगेत चालतात. एका वर्षी चालणं संपल्यावर मागच्या रांगेतले एक जुने सोबती त्यांना म्हणाले, "उतेकर, उजवा हात घरी ठेवून आलास काय? हलतच नाय तो." सगळे हसले, सयाजीरावही हसले. पुढे काही महिन्यांनी त्याच हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरायला लागलं, माळ ओढावी तसं. ते ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे आणि मांडीवर बोटं चाललेली असायची. मला वाटलं, भावोजी नामस्मरणाला लागले. बरं वाटलं होतं मला. वहिनींना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "नाम कसलं गो, त्यांना माहीतपण नाय बोटं चाललीत ती."

शीर आखडली असेल म्हणून वहिनी त्यांना महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जायच्या. रविवारी एसटीनं जायचं, दुपारपर्यंत हात पाण्यात सोडून बसायचं, परत यायचं. पाण्यात असेपर्यंत हात शांत वाटायचा. शेवटी महाडच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्याच्या बोळात नुसतं चालायला लावलं, शर्टाची बटणं लावायला सांगितली, आणि मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे नाव मिळालं, पार्किन्सन. आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो. बरा होत नाही, हळूहळू वाढतो, गोळ्या जन्मभर. गोळी वेळेवर घेतली तर हात ऐकतो, चुकली तर ऐकत नाही. सयाजीरावांनी गोळीची वेळ ड्युटीसारखी पाळली. त्यात त्यांना काही जड गेलं नाही.

पोलादपुरात आम्हा दोन-चार शेजाऱ्यांना कळलं. गावात मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि त्याचं कारण शिमगा.

आमच्या गावची देवी मानाई. होळी झाली की आई देवळातून निघते आणि गावाच्या मध्यावर एक दगडी ओटा आहे, त्याला सहाण म्हणतात, तिथे पाच दिवस पालखीत बसते. रोज सकाळी पालखी उठते, घरोघरी जाते, बायका ओटी भरतात, संध्याकाळी पुन्हा सहाणेवर येते. पालखीला चार खांदे आणि ते चार घरांचे मान. उजवीकडचा मागचा खांदा उतेकरांचा. सयाजीरावांच्या वडिलांनी तो दिला, त्यांच्या आजोबांनी दिला. सयाजीराव नोकरीत असताना रजा मिळाली तर यायचे, नाही मिळाली तर चुलत भाऊ उभा राहायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकही शिमगा चुकवला नाही.

खांदेकऱ्याला नियम कडक. पाच दिवस पायात चप्पल नाही. घरात सुतक असेल तर खांदा नाही, अंगात व्यंग किंवा मोठं दुखणं असेल तरी नाही. आणि पालखी सहाणेवरून उठल्यापासून परत बसेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सयाजीरावांनी या नियमात आपली दुपारची गोळीही बसवली. पाण्याचा घोट नाही म्हणजे गोळी नाही. देवीच्या कामात औषध कसलं, असं त्यांच्या मनात आलं असेल, किंवा घेतली तर लोक विचारतील, असंही आलं असेल. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पालखी अंगणात आली की घरातलं माणूस आईला कौल विचारतं. मुलाचं लग्न या घरात करू का, विहीर इथे खणू का, असं काहीही. हैबती गुरव गाऱ्हाणं घालतात आणि सगळे पालखीकडे बघतात. पालखी उजवीकडे झुकली तर होकार. डावीकडे झुकली तर थांबा. आणि जागच्या जागी थरथरली तर आई नाराज आहे, ते काम करायचं नाही. एकदा दिलेला कौल पुढच्या शिमग्यापर्यंत बदलत नाही.

आजाराच्या पहिल्या शिमग्यालाच पालखी दुपारनंतर थरथरायला लागली. दांड्याला बांधलेले घुंगरू वाजायचे. लोकांनी हात जोडले. गावात बोलणं झालं, "आई फौजीच्या खांद्यावर लय जागी असते." त्या वर्षी कुणी काही मोठं विचारलं नव्हतं. कुणाच्या म्हशीचा सौदा मोडला, कुणाच्या घराची कौलं काढायची राहिली, इतकंच. वहिनींनी विचारलं, "सांगा की लोकांना, गोळी चुकते म्हणून होतंय." ते म्हणाले, "कुणी विचारलंय का मला?"

दुसऱ्या वर्षी, शिमग्याच्या चौथ्या दिवशी, पालखी आनंदीबाईंच्या अंगणात गेली. दुपार टळली होती. आनंदीबाई म्हणजे गावातल्या जुन्या बायकांतल्या, तोंडानं फटकळ, देवाधर्माला पुढे. त्यांचा मुलगा रितेश मुंबईला, सून अनुपमा गावी सासूजवळ, अंगणवाडीत शिकवते. अनुपमाच्या गळ्याला गाठ आली होती. महाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, काढून घ्या, काढल्यावरच कळेल कसली आहे. तारीखही ठरली होती, शिमगा झाल्यावरची.

हैबती म्हणाले, "बोल गो आनंदी, काय विचारायचं हाय?"

आनंदीबाई पदर पसरून म्हणाल्या, "आये, सुनेच्या गळ्याला गाठ हाय. डाक्टर कापायला सांगतो. कापू का नको, तू सांग."

घुंगरू वाजायला लागले. मी समोरच्या पडवीत होते. सयाजीरावांनी दांडा दोन्ही हातांनी धरला होता, उजव्या हातावर डावा दाबून. त्यामुळे थरथर थांबली नाही, उलट सगळ्या दांड्यातून गेली. पुढचा खांदेकरी मान वळवून बघायला लागला.

हैबतींनी डोळे उघडले. "आई नको म्हणते. लोखंड लावू नको म्हणते."

शिमग्यासाठी आलेला रितेश मोबाईल खिशात घालत म्हणाला, "ठीक आहे, मग डेट कॅन्सल करतो. उगाच टेन्शन." आनंदीबाईंनी पालखीखाली डोकं टेकलं. अनुपमा हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिनं ओटी भरली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी सयाजीराव गावच्या घरी जेवले नाहीत. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. गोळी घेऊन ते ओट्यावर बसले, हात शांत होईपर्यंत हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चंद्रा, आज आई काय बोलली नाय. माझा हात बोलला."

वहिनी म्हणाल्या, "मला काय सांगता? मी मागच्या वर्षीपासून बोलतेय."

"मागच्या वर्षी म्हैस होती."

"आता सांगितलंत तर खांदा जाईल."

"जाईल."

"मामंजींचा होता."

 वहिनींनी विनीतला बोलवू या म्हणून बघितलं. ते म्हणाले, "तो बूट काढून देवळात जायला कंटाळतो. त्याला पाच दिवस अनवाणी कोण चालवणार, तू?"  दुसरा दिवस शेवटचा होता. संध्याकाळी आई देवळात परत जाणार, आणि एकदा ती देवळात बसली की कौल वर्षभर पक्का.

सकाळी सहाणेवर सगळे जमले. बाकीचे तीन खांदेकरी पाय धुऊन उभे होते. सयाजीराव आले ते पायात चपला घालून. इस्त्रीचा शर्ट, खिशात गोळ्यांची पट्टी. लोकांनी आधी चपलाच बघितल्या.

हैबती म्हणाले, "फौजी, पायात काय रे?"

"चपला."

"त्या दिसतायत मला. काढ त्या, पालखी उठायची हाय."

सयाजीराव सहाणेच्या खालीच उभे राहिले. कवायतीत उभं राहावं तसे. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. दुखण्याचं नाव, किती वर्षं झाली, गोळी कशी चुकते, चुकल्यावर हात काय करतो, काल काय झालं. शेवटी म्हणाले, "आनंदीकाकींना जो कौल मिळाला तो आईचा नाय. माझ्या दुखण्याचा हाय."

 मग मागून एक जण म्हणाला, "म्हणजे माझी म्हैस पण?"

"तुझी म्हैस पण," सयाजीराव म्हणाले.

"मायला, चांगलं गिऱ्हाईक गेलं ते."

दोन-तीन जण हसले. आनंदीबाई हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या. "तू कोण ठरवणार आई बोलली का नाय ते? चार खांदे हायत. आईनं तुझाच हात का धरलान मग?"

हैबतींनीही मान हलवली. "ती बरोबर बोलते. आईला बोलायला हात लागतोच कुणाचा तरी. तुझा हलता होता, तुझा घेतलान."

  आई कुणाच्या हातानं बोलेल हे आपण कोण सांगणार. सयाजीरावांनी वाद घातला नाही. खिशातली पट्टी काढली, गोळी सोडवायला त्यांना वेळ लागला, कारण हात हलत होता. सकाळची गोळी त्यांनी मुद्दाम घेतली नव्हती. एका बाईनं तांब्या पुढे केला. गोळी घेऊन ते सहाणेच्या पायरीवर बसले आणि उजवा हात गुडघ्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"बघा," म्हणाले.

लोक बघत बसले. पालखी उठायची वेळ झाली तरी कुणी हललं नाही. बायकांनी लांबून बघायला माना काढल्या. बोटं फिरत होती, हात गुडघ्यावर ठोकत होता. कुणी तंबाखू मळली, कुणी फोनवर बोलून आलं. रितेश म्हणाला, "काका, टाइम किती लागतो?" "लागेल थोडा," ते म्हणाले. मग ठोकणं कमी झालं. मग नुसती बोटं राहिली. मग तीही थांबली. हात गुडघ्यावर पडून राहिला, कुणाचाही असावा तसा.

म्हशीवाला म्हणाला, "गोळीनं देवी उतरवलीन की."

"गप रे," हैबती म्हणाले. ते बराच वेळ त्या हाताकडे बघत होते. म्हातारे गृहस्थ आहेत, गाऱ्हाणं घालत त्यांचं आयुष्य गेलं. म्हणाले, "फौजी, तू हे करायला नको होतंस. दुखणं लपवून खांदा दिलास ती एक चूक, आणि आता सगळ्या गावाला संशयात घातलंस ती दुसरी."

"हो," सयाजीराव म्हणाले.

"खांदा गेला तुझा."

"हो. पण कौल पुन्हा लावा. दुसरा माणूस घ्या माझ्या जागी आणि पुन्हा विचारा."

"पुन्हा कसा लावू? एक गोष्ट एका शिमग्यात दोनदा विचारता येत नाय. तुझ्या आज्यापास्नं चालत आलेलं हाय हे."

इथे सगळं अडलं. आनंदीबाई म्हणाल्या, "झालं ना आता? उठवा पालखी." माणसं उठायला लागली. तेवढ्यात अनुपमा बायकांमधून पुढे आली. ती महाडच्या शाळेत शिकलेली, बोलणं शहरातलं, गावात कमीच बोलते. ती हैबतींना म्हणाली, "मामा, काल मी कुठे विचारलं होतं?"

"म्हणजे?"

"सासूबाईंनी विचारलं. गाठ माझ्या गळ्याला आहे. मी अजून काही विचारलेलंच नाही."

आनंदीबाई तिच्याकडे वळल्या. "मी विचारलं नि तू विचारलंस, वेगळं हाय काय?"

"वेगळं आहे की नाही ते मामा सांगतील."

हैबतींनी डोकं खाजवलं. बाकीच्या मानकऱ्यांकडे बघितलं. त्यातले एक म्हणाले, ज्याचं गाऱ्हाणं त्यानंच घालायचं असतं, पूर्वी तसंच होतं, आता सासवा विचारतात. दुसरे म्हणाले, अंगणात विचारलेलं वेगळं, सहाणेवर विचारलेलं वेगळं. असं थोडं चाललं. शेवटी हैबती म्हणाले, "विचार."

सयाजीरावांच्या भावकीतल्या राजेंद्रनं पाय धुतले. बाजूला होण्यापूर्वी सयाजीरावांनी त्याला दांडा कुठे धरायचा ते दाखवलं, त्यांच्या वडिलांच्या हातानं जिथे लाकूड गुळगुळीत झालंय, तिथे. पालखी उठली. अनुपमानं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि आनंदीबाईंइतक्याच साध्या शब्दांत विचारलं.

घुंगरू वाजले नाहीत. पालखी बराच वेळ नुसती उभी राहिली. मग हलली. कुठे हलली ते मी सांगू शकत नाही, माझ्यापुढे माणसं होती. कुणी म्हणतं उजवीकडे झुकली, कुणी म्हणतं राजेंद्रला सवय नव्हती म्हणून त्यानं खांदा बदलला. हैबती म्हणाले, "उजवी दिली." त्यांनी तसं म्हटल्यावर तो कौल झाला. त्यांच्या मनात काय होतं ते आईला माहीत.

अनुपमाचं ऑपरेशन ठरलेल्या तारखेला झालं. सयाजीराव दवाखान्यात गेले नाहीत, वहिनी शिरा घेऊन गेल्या. गाठ तपासायला पाठवली होती, तिचा निकाल येईपर्यंत सयाजीराव ओट्यावर कमी बसायचे. निकाल आला, गाठ साधी निघाली. काही धोका नव्हता.

हे कळल्यावर आनंदीबाई पोलादपूरच्या बाजारात आल्या होत्या, त्या मुद्दाम सयाजीरावांच्या दारात थांबल्या. आत आल्या नाहीत, बाहेरूनच म्हणाल्या, "साधी गाठ होती. नसती कापली तरी चाललं असतं. आई काय खोटं बोलली होती? उगाच खांदा घालवलास."

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. सयाजीरावांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "काकी, चहा घ्या." आनंदीबाईंनी घेतला. चहा पिताना त्यांनी सयाजीरावांच्या हाताबद्दल विचारलं, गोळी कुठली, किती वेळा, आणि आपल्या बहिणीच्या दिराचीही मान हलते, त्याला हीच गोळी चालेल का. सयाजीरावांनी त्यांना महाडच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

गावात तेव्हापासून दोन बाजू आहेत. एक म्हणते, फौजीनं खरं सांगितलं. दुसरी म्हणते, आई त्याच्या अंगात होती आणि त्यानं ती गोळी खाऊन घालवली. म्हशीवाला दोन्हीकडे असतो. सयाजीरावांना गावात गेल्यावर दोन्हीकडचे लोक राम राम करतात, पण कौलाच्या गोष्टी निघाल्या की सयाजीराव उठून जातात.

आजार पुढे सरकला. डाव्या हातालाही लागला. बोलणं हळू झालं, फोनवर विनीतला ऐकू येत नाही म्हणून वहिनी मध्ये उभ्या राहून सांगतात. यंदाच्या शिमग्याला ते गावी गेले, पण पालखीबरोबर फिरले नाहीत. घरी थांबले. पालखी दारात आली की घरच्या मोठ्या माणसानं उंबरा ओलांडून नारळ ठेवायचा, त्याशिवाय पालखी हलत नाही.

पालखी आली. मी वहिनींबरोबर अंगणात होते. सयाजीराव नारळ घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. पाय उचलेना. हे नवीनच होतं, गेल्या काही महिन्यांतलं, दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वहिनी पुढे व्हायला लागल्या, त्यांनी मानेनं नको म्हटलं. खांदेकरी उभे. ऊन होतं.  राजेंद्र मागच्या खांद्यावरून म्हणाला, "काका, सावकाश. आईला घाई नाय."

पुढचा खांदेकरी म्हणाला, "आईला नसेल. माझ्या मानेला हाय."

सगळं अंगण हसलं. हैबतीसुद्धा. सयाजीरावांनाही हसू आलं, आणि हसता हसता त्यांचा उजवा पाय सुटला. त्यांनी उंबरा ओलांडला, नारळ ठेवला. पालखी पुढच्या घराकडे निघाली.